तेवीस रुग्णांवर उभा असलेला आकडा

माझ्या भाच्याच्या फायलीत तीन रोगांची नावं आहेत. पहिल्या कागदावर मूळव्याध, दुसऱ्यावर आतड्याचा टीबी, तिसऱ्यावर क्रोन्स. रोग मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता, तो तिसरा. आमचं गाव दापोली तालुक्यातलं. मुलाचं वय तेव्हा बावीस, हर्णे बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला. पोटात मुरडा यायचा, दिवसातून आठ-दहा वेळा परसाकडे जावं लागायचं, मधूनमधून रक्त पडायचं आणि वजन उतरत चाललं होतं. सात महिने मूळव्याधीचं मलम लावण्यात गेले. मग सोनोग्राफीत आतड्याला सूज दिसली आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. तो सहा महिन्यांचा कोर्स त्याने एक दिवस न चुकवता पुरा केला आणि त्या सहा महिन्यांत आणखी पाच किलोंनी वाळला. शेवटी धाकट्या मामाकडे डोंबिवलीला राहून मुंबईत कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, आतड्याचा तुकडा तपासला गेला आणि खरं नाव कागदावर आलं. पहिलं रक्त दिसल्यापासून तिथवर पोचायला दोन वर्षं लागली.

बहीण मला म्हणाली, "दादा, हा रोग आपल्याकडे कुणाला असतो तरी का रे?" मी तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. आकडा विचारला की शोधायचा, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून शोधायला बसलो. हा लेख त्या शोधातून आला आहे, आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आतड्याच्या या दाहाचे देशात किती रुग्ण आहेत याचा आपला आकडा फार थोड्या माणसांवर उभा आहे, त्या माणसांत कोकणातलं कोणी नाही, आणि कोकणाने आपली माणसं आपणच मोजायला हवीत.

रोगाची ओळख थोडक्यात. दाह म्हणजे सूज आणि जखमा. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच आतड्यावर उलटते आणि तो दाह वर्षानुवर्षं चालू राहतो. याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला होतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, आणि नाव पडलं त्यातल्या पहिल्याचं. दोन्ही प्रकार बहुतेक करून ऐन तारुण्यात सुरू होतात, औषधांनी आटोक्यात राहतात, पण मुळातून जात नाहीत. या दोन्हींना मिळून आयबीडी म्हणतात. आयबीएस नावाचा पोटाचा जो त्रास पुष्कळांना असतो, तो हा नव्हे. त्यात जखमा नसतात, रक्त पडत नाही. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने लोक दोन्ही एकच समजतात, आणि मोजणी चुकायला तिथूनच सुरुवात होते.

आता आकडे. दिल्लीच्या एम्समधल्या पोटविकारतज्ज्ञांनी २०१७ साली लिहिलेल्या एका लेखात भारतातले रुग्ण २०१० साली सुमारे १४ लाख असावेत असा अंदाज आहे. जगभरच्या रोगांचा भार मोजणारा जो मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास सतत चालू असतो, त्याच्या २०१९च्या फेरीत भारतातले रुग्ण सुमारे २ लाख ७० हजार येतात. रोग वाढतो आहे यावर दोन्हीकडच्यांचं एकमत आहे, तरीही नऊ वर्षांनंतरचा आकडा आधीच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे. वर्गात दोन मुलांनी एकाच गणिताची अशी दोन उत्तरं आणली, तर मी उत्तरं बाजूला ठेवून आधी मांडणी बघायला मागायचो.

मांडणीच्या तळाशी काय आहे? प्रत्यक्ष घरोघर जाऊन केलेली मोजणी आपल्या देशात फारच थोडी झाली आहे. त्यातली सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी मोजणी पंजाबातल्या लुधियानाच्या डॉक्टरांची, २००३ साली प्रसिद्ध झालेली. त्यांनी ५१,९१० माणसांची चौकशी केली, संशयितांची दुर्बिणीने तपासणी केली, आणि त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसचे पक्के रुग्ण सापडले २३. म्हणजे लाखामागे ४४.३. वर्षभराने ते पुन्हा त्याच लोकांकडे गेले. ४९,८३४ जणांत नवे रुग्ण सापडले ३. म्हणजे वर्षाला लाखामागे ६.०२. त्याआधी १९८०च्या दशकात हरियाणात झालेल्या पाहणीत लाखामागे ४२.८ आले होते. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, याने माझाही विश्वास थोडा वाढला.

त्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पन्नास हजार माणसांना शौचाच्या तक्रारींबद्दल विचारत फिरणं आणि वर्षाने तीच दारं पुन्हा ठोठावणं, हे काम सोपं नव्हे. तक्रार आहे ती त्यांच्या आकड्यावर आपण किती ओझं टाकलं याची. २३ ही संख्या लहान आहे. निव्वळ योगायोगाने तिथे १५ सापडले असते, तर दर २९ वर आला असता. ३४ सापडले असते, तर ६५ वर गेला असता. २०११च्या जनगणनेतल्या १२१ कोटींना यांनी गुणा. एकीकडे साडेतीन लाख येतात, दुसरीकडे जवळपास आठ लाख, आणि खुद्द ४४.३ने गुणलं तर ५ लाख ३६ हजार. हे नुसत्या अल्सरेटिव्ह कोलायटिसचे. क्रोन्सचे रुग्ण यात धरलेलेच नाहीत. गुणाकार बिनचूक आहे, पण ज्याला गुणलं ते पंजाबच्या एका भागातलं आहे. तिथल्या गव्हावर, दुधावर, कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांचा दर भात-मासळीवर, विहिरीच्या आणि नळपाणी योजनेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांना तसाच लावायला आधार काय?

त्याच दोन आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिने माझी झोप उडवली. ४४.३ला ६.०२ने भागा. उत्तर येतं साधारण साडेसात. एकदा लागला की जन्मभर सोबत राहणाऱ्या रोगाचे समाजात साठलेले रुग्ण फक्त साडेसात वर्षांच्या नव्या भरतीएवढे निघतात. कॅनडात २०२३च्या अहवालानुसार लाखामागे सव्वाआठशेच्या आसपास रुग्ण आहेत आणि वर्षाला नवे सुमारे तीस होतात. तिथे हेच उत्तर सत्तावीस-अठ्ठावीस येतं. तरुण वयात सुरू होऊन म्हातारपणापर्यंत चालणाऱ्या रोगाचं गणित असंच यायला हवं. मग आपल्याकडे साडेसात का? तीन नव्या रुग्णांवरून काढलेला दर डळमळीत असणार, हे मला कळतं. ती शक्यता मोजूनही दोनच वाटा उरतात. एक तर रोग आपल्याकडे अलीकडेच वाढू लागला आहे आणि तळं आत्ता कुठे भरायला लागलं आहे. नाहीतर जुने रुग्ण निदानाशिवाय गेले, आपल्या हिशेबात ते कधी आलेच नाहीत. कोकणात साठीपुढच्या कुठल्याही माणसाला विचारा. 'संग्रहणी लागली आणि गेला', 'आव पडून पडून खंगला', अशी एखादी हकिगत प्रत्येक वाडीत निघेल. त्यातल्या किती जणांच्या आतड्यात जखमा होत्या, हे त्यांच्याबरोबरच गेलं.

साठ्याचा हा मुद्दा अभ्यासकांनीही मांडला आहे. रोग देशात पसरतो तेव्हा आधी तुरळक रुग्ण दिसतात, मग नव्या रुग्णांचा वेग वाढतो, आणि पुढे नव्यांचा वेग स्थिरावला तरी एकूण संख्या वाढतच राहते, कारण या रोगाने माणूस सहसा लवकर मरत नाही, आणि बराही होत नाही. भारताला ते यातल्या दुसऱ्या पायरीवर धरतात. पाश्चात्त्य देशांना तळं पुरं भरल्यावर जाग आली. आपल्याला ते भरताना पाहता येईल, पण मोजपट्टी लावली तरच.

'हा गोऱ्यांचा रोग, शहरातल्या श्रीमंतांचा रोग' ही समजूत आता टाकून द्यायला हवी. इंग्लंडात लेस्टर परिसरात गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या अभ्यासांत तिथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिस स्थानिक गोऱ्यांपेक्षाही जास्त आढळला होता. आणि अलीकडे हैदराबादच्या डॉक्टरांनी तेलंगणातल्या खेड्यांत तपासणी नेली, तेव्हा आतड्याच्या तक्रारी घेऊन आलेल्यांत या रोगाचं प्रमाण ग्रामीण भागात शहराच्या जवळपास तेवढंच निघालं. खेड्यात रोग नव्हता असं नाही, खेड्यात दुर्बीण नव्हती.

आता कोकणाकडे येऊ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून २०११ साली २४ लाख ६४ हजार माणसं होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, म्हणून हाच आकडा घ्यावा लागतो. पंजाबचा दर तात्पुरता लावला, तर या दोन जिल्ह्यांत एकट्या अल्सरेटिव्ह कोलायटिसचे सुमारे १,०९० रुग्ण असायला हवेत आणि दर वर्षी दीडशेच्या घरात नवे व्हायला हवेत. हा दर इथे चालेलच असं नाही, हे मीच वर म्हटलं. तरी विचारण्यापुरता तो पुरे आहे. ही हजारभर माणसं कुठे आहेत?

काही मूळव्याधीच्या पाटीमागे आहेत. कोकणात कुठल्याही नाक्यावर 'मूळव्याध, भगंदर, फिशर' अशी पाटी दिसतेच. रक्त पडणाऱ्यांत बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते, यात वाद नाही. पण भगंदर हे क्रोन्सचंही लक्षण असू शकतं. वारंवार भगंदर होणाऱ्या तरुण मुलाचं आतडं आतून एकदा बघावं, हे किती ठिकाणी सुचतं? घरगुती उपाय वेगळेच. आमच्याकडे रक्ती आव पडली की कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, उगाळून देतात, आमसुलाचं पाणी देतात. आजीने मलाही दिलं आहे आणि साध्या मुरड्याला ते लागूही पडलं आहे. कोलायटिस मधूनमधून आपोआप शांत होतो, तेव्हा 'पाळ लागू पडलं' असंच वाटतं आणि पुढचं वर्ष तसंच जातं.

काहींची नोंद टीबीच्या खात्यात आहे, आणि मला यातला सगळ्यांत गंभीर भाग हाच वाटतो. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांच्यातला फरक ओळखणं जगातल्या निष्णात डॉक्टरांनाही अवघड जातं. दोघांची आवडती जागा एकच, लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथली. जखमा तशाच, आतडं अरुंद होणं तसंच, तुकडा तपासल्यावर दिसणाऱ्या गाठीही पुष्कळदा सारख्याच, आणि टीबीचा जंतू त्या तुकड्यात सापडेलच याची खात्री नसते. जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात आहे. शिवाय क्रोन्स समजून संरक्षणव्यवस्था दाबणारं स्टेरॉइड दिलं आणि आतून टीबी निघाला, तर रुग्णाचं काही खरं नाही. म्हणून शंका असेल तिथे आपले डॉक्टर आधी टीबीची औषधं सुरू करतात. हे धोरण शहाणपणाचं आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण त्या धोरणाला दुसरा अर्धा भागही आहे. औषधं सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते पाहायचं. भरल्या नसतील, तर निदानाचा फेरविचार करायचा. माझ्या भाच्याच्या बाबतीत पहिली दुर्बीणच झाली नव्हती, दुसरी कुठून होणार?

यातून हिशेबात काय होतं ते बघा. २०१२पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक आहे. निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीत त्याचं नाव जातं, पोषणासाठी खात्यात पैसे येतात, आधी महिना ५०० रुपये यायचे, नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. ही व्यवस्था चांगली आहे, तिने लाखो माणसांना आधार दिला आहे. माझ्या भाच्यालाही ते पैसे मिळाले. सहा महिन्यांनी त्याच्या नावापुढे उपचार पूर्ण झाल्याची नोंद झाली. म्हणजे जो रोग त्याला कधी नव्हता, त्यातून तो सरकारी दप्तरात बाहेर पडला. जो रोग त्याला आहे, तो लिहायला त्याच दप्तरात रकानाच नाही. नुसतं राहून गेलेलं नाव पुढे कधीतरी घेता येतं. चुकीच्या रकान्यात गेलेलं नाव शोधायचं कुणालाच सुचत नाही, कारण कागदोपत्री तिथे काही उरलेलंच नसतं.

आणि उरलेले मुंबईच्या पत्त्यावर आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. बायका जास्त जन्मतात असं नाही, पुरुष मुंबईला आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. हा रोग वयाच्या विशी-तिशीत सुरू होतो, आणि आमचा माणूस त्याच वयात दिवा, नालासोपारा, डोंबिवलीला असतो. त्याचा केसपेपर केईएमला, नायरला, सायनला निघतो, आणि त्यावर पत्ता चाळीचा असतो. सिंधुदुर्गातला माणूस गोव्याला बांबोळीला जातो, संगमेश्वर-लांज्याकडचा घाट चढून कोल्हापूर-मिरजेला. एका जिल्ह्याचे रुग्ण दोन राज्यांत आणि पाच शहरांत विखुरले, तर जिल्ह्यात रुग्णच नाहीत असं दिसणारच. आणि जिथे रुग्ण नाहीत, तिथे तज्ज्ञ कशाला, औषधाचा साठा कशाला? निदानाची सोय नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून सोय नाही. रत्नागिरीला आणि सिंधुदुर्गनगरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत, डेरवणला आधीपासून आहे. ही साखळी तोडायची तर आता तोडता येईल.

रुग्णाचे हाल आकड्यात मावत नाहीत, पण आकडा का हवा ते त्यांतूनच कळतं. दिवसातून दहा वेळा जावं लागणाऱ्या माणसाने दापोलीहून मुंबईची एसटी कशी पकडायची? माझा भाचा तपासणीला जायचं असलं की आदल्या दुपारपासून जेवायचा नाही. रखडलेल्या महामार्गावर गाडी दोन-दोन तास अडकते तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला आहे. नौकेवर दिवसचे दिवस खोल समुद्रात राहणाऱ्या खलाशाला हा रोग लागला, तर तो तांडेलाला काय सांगेल? 'पोटाचा त्रास आहे' म्हणेल आणि काम सोडेल. मासळी बाजारात पहाटेपासून बसणारी बाई जवळ धड शौचालय नाही म्हणून एरवीच दिवसभर पाणी पीत नाही. तिला कोलायटिस झाला, तर ती धंदाच बंद करील, आणि का ते कुणालाही सांगणार नाही.

न सांगणं ही या रोगाच्या मोजणीतली सगळ्यांत मोठी अडचण आहे. टीबी, साखर, रक्तदाब यांबद्दल माणसं आता बोलतात. परसाकडची गोष्ट चारचौघांत निघत नाही. लग्नाची मुलगी असेल तर आईच म्हणते, स्थळं येताहेत, गप्प बस. सासूसमोर ओसरीवर बसलेल्या सुनेला कोणी विचारलं, 'शौचातून रक्त पडतं का?' तर ती 'नाही' म्हणणार. तिचं ते 'नाही' पुढे टक्केवारीत जाऊन बसेल. म्हणून मोजणी कोण करतं आणि कुठे उभं राहून प्रश्न विचारतं, याला मी दुर्बिणीइतकंच महत्त्व देतो.

यावर कोणी विचारील, आणि विचारायला हवंच, की कोकणात याहून तातडीची दुखणी कमी आहेत का? लेप्टोने माणसं जातात, दोडामार्ग-बांद्याकडे २०१६पासून माकडतापाने गेली, सर्पदंश दर पावसाळ्यात आहे. साध्या खाटा पुऱ्या पडत नाहीत तिथे एका अवघड नावाच्या रोगाची मोजणी कशाला? मी यावर बराच विचार केला. साथीचा रोग स्वतःच दार ठोठावतो, त्याच्याकडे डोळेझाक करता येत नाही. आतड्याचा दाह तसा गाजावाजा करत नाही. तो पंचविशीतल्या माणसाला धरतो आणि पुढची चाळीस वर्षं त्याची कमाई, त्याचा संसार पोखरत राहतो. वेळेवर ओळखला तर मेसालामाइन, सल्फासॅलाझिन, अझाथायोप्रिन अशा गोळ्यांवर पुष्कळांचं भागतं. उशीर झाला तर आतडं अरुंद होतं, चिकटतं, कापावं लागतं, आणि महागड्या इंजेक्शनांची पाळी येते. पैसे वाचवायचे म्हणून मोजणी टाळली, तर ते याच वाटेने जास्त जातात.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. जपानने १९७२ साली दुर्धर आजारांसाठी सरकारी कार्यक्रम सुरू केला आणि पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स त्यात घेतले. रुग्णाने नाव नोंदवलं की उपचाराच्या खर्चाला सरकारचा हातभार मिळतो. दक्षिण कोरियात अशा नोंदलेल्या रुग्णाला खर्चाचा फक्त दहावा हिस्सा भरावा लागतो. त्यामुळे रुग्ण स्वतःहून नोंदवायला येतो, डॉक्टर निदान पक्कं करूनच सही देतो, आणि देशाला आकडा मिळतो. आपल्या निक्षयचं तत्त्वही हेच आहे. अटलांटिकमधली फॅरो बेटं तर मासेमारीवर जगणारी, लोकसंख्या सगळी मिळून पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. तिथल्या डॉक्टरांनी नेटाने मोजलं म्हणून जगाला कळलं की या रोगाचं प्रमाण तिथे जगातल्या सर्वाधिकांपैकी आहे. मोजायला देश मोठा लागत नाही.

लांब कशाला, बार्शीचं उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातली माणसं कर्करोगाबद्दल बोलत नाहीत, निदानाची सोय नाही, नोंद कशी होणार, असं तेव्हाही म्हणता आलं असतं. पण माणसं गावोगाव फिरली, लक्षणं सांगितली, संशयितांना तपासणीपर्यंत आणलं आणि नोंद झाली. आज ग्रामीण भारतातल्या कर्करोगाबद्दल कुठेही काही मांडायचं असलं की बार्शीचे आकडे घ्यावे लागतात.

आहारावर वाद घालणाऱ्यांनाही या मोजणीची गरज आहे. भारतासह २१ देशांतल्या १ लाख १६ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं अन्न जास्त खाणाऱ्यांत आतड्याच्या दाहाचं प्रमाण जास्त दिसलं. आमच्या वाडीतल्या दुकानात आता पेजेच्या तांदळापुढे चिप्सच्या माळा लटकलेल्या असतात, हे खरं. पण त्यावरून लगेच निकाल द्यायला मी तयार नाही. आज मोजलं आणि दहा वर्षांनी पुन्हा मोजलं, तर बोलायला काही आधार राहील.

म्हणून मागणी अशी. एक जिल्हा घ्या, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग. किनाऱ्यावरची काही गावं, घाटाच्या पायथ्याची काही, एखाद-दुसरं शहर, कोळीवाडे, मोहल्ले, धनगरवाडे, सगळे येतील असे पन्नास हजार लोक निवडा. संशयित तेवढ्यांनाच दुर्बिणीसाठी वैद्यकीय महाविद्यालयात आणा, जायच्या-यायच्या भाड्यासकट. निदान होईल त्याचं नाव नोंदवा आणि त्याच दिवशी त्याला पुढच्या औषधांची हमी द्या. नाहीतर तो दुसऱ्यांदा दार उघडणार नाही. टीबीच्या कार्यक्रमातही आतड्याच्या टीबीचा उपचार पूर्ण होऊन बरं न वाटलेल्या प्रत्येकाची फेरतपासणी व्हावी. त्या यादीत आमची कितीतरी मुलं सापडतील अशी माझी खात्री आहे. आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांनी या रोगाच्या केसपेपरवर पत्त्याखाली एक ओळ वाढवावी, मूळ गाव. कोकणी माणूस अनोळखी माणसाला पहिला प्रश्न तोच विचारतो. दापोलीला 'गाव कुठचं?' आणि मालवणला 'गाव खंयचो?' खिडकीवरच्या कारकुनानेही तो विचारावा.

मोजणी कधी करायची, यावरही मी डोकं चालवलं. आधी मनात गणपती आले, कारण तेव्हा प्रत्येक घर उघडं असतं आणि मुंबईची माणसं घरी असतात. पण दारोदार फिरायचं काम आशाताईंवर येणार, आणि त्याही कुणाच्या तरी सुना आहेत. गौरीच्या दिवशी त्यांच्या हातात वही देणं बरोबर नाही. त्यापेक्षा मे महिना बरा. शाळा बंद, चाकरमानी आंब्याला आलेले, रस्ते कोरडे. १९ मे हा या रोगाचा जागतिक दिवसही त्याच हंगामात येतो. आशाताईंना या कामाचे वेगळे पैसे मिळावेत आणि प्रश्न कसे विचारायचे याचं दोन दिवसांचं शिक्षण मिळावं. बाईला विहिरीवर किंवा मागच्या पडवीत गाठायचं, ओसरीवर नाही. 'तुम्हाला कोलायटिस आहे का?' असं विचारून काही हाती लागायचं नाही. महिनाभराहून जास्त दिवस पातळ होतं का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, रक्त किंवा आव पडते का, वजन उतरलं का, टीबीच्या गोळ्या घेऊनही पोट बरं झालं नाही असं घरात कोणी आहे का, एवढं विचारायचं.

भाचा आता सव्वीस वर्षांचा आहे. औषधांवर बरा आहे, बर्फाच्या कारखान्यात पुन्हा जातो, पण तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी डोंबिवलीला जावंच लागतं. परवा मी त्याला या लेखाबद्दल सांगितलं आणि तुझी हकिगत लिहू का म्हणून विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लिहा मामा, नाव नका घालू. आणि वाडीत वरच्या आळीत एक मुलगा आहे, त्याला गेल्या पावसाळ्यापासून टीबीच्या गोळ्या चालू आहेत. त्याच्याकडे जाऊन या एकदा."